हाताने केलेलं बाटिक: कापावं कसं, शिवावं काय?

जास्वंदी

मंडळी, माझ्याकडे उज्जैनजवळच्या भैरवगढचं बाटिक आलं आहे, म्हणजे मेणाने नक्षी झाकून रंगात बुडवलेलं कापड. सुती, चार मीटर, पन्हा ४४ इंच. मरून जमीन, त्यावर पिवळी-पांढरी मोठी फुलं आणि सगळ्या कापडभर मेणाच्या तड्यांतून रंग शिरून उठलेली बारीक रेषांची जाळी. मेण हाताने लावलेलं असल्यामुळे दोन फुलांमधलं अंतर कुठेच सारखं नाही. मला त्याचा कुर्ता हवा आहे.

नेहमीच्या शिंपीदादांनी कापड दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "ताई, सुलटी बाजू कुठली? आणि फुलं एका ओळीत नाहीत, समोरचे दोन भाग जुळायचे नाहीत." त्यांचं काम चोख असतं, म्हणून त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पण मला वाटतं, असं कापड गिरणीच्या छापील कापडासारखं घडी घालून कापूच नये. आधी कापड नीट बघावं आणि मग त्यातून काय निघतं ते ठरवावं. तुम्ही हातचं बाटिक शिवलं किंवा शिवून घेतलं असेल तर सांगा: आधी धुवायचं का? अस्तर लावायचं का? फुलं कुठे येऊ द्यायची?

टाचणी

फोटो! फोटोशिवाय कापडाचा धागा म्हणजे जेवणाच्या पंगतीत नुसता मेनू वाचून दाखवणं.

सुईदोरा_डोंबिवली

जास्वंदी, तुझं म्हणणं अगदी बरोबर आहे आणि शिंपीदादांचा प्रश्नही बरोबर आहे. मी घरी शिवणकाम करते, बाटिक बरंच येतं माझ्याकडे. जरा सविस्तर लिहिते.

सुलटी-उलटी बाजू नसणं ही या कापडाची मोठी सोय आहे. कापड रंगात बुडवलेलं असतं, त्यामुळे रंग आरपार जातो. कॉलर, उलटून दिसणारी बाही, पुढून उघडं जाकीट अशा कपड्यांना हे फार छान. पण त्यातच एक धोका आहे. कापलेले तुकडे एकमेकांत मिसळले की दोन डाव्या बाह्या तयार होतात. म्हणून कापल्या कापल्या प्रत्येक तुकड्याच्या एकाच बाजूला खडूने फुली मारायची. दादांना एवढं सांगितलंस तरी त्यांची अर्धी काळजी मिटेल.

फुलं जुळवण्याबद्दल: ती जुळवायचीच नाहीत. चार मीटर जमिनीवर पूर्ण पसर. ट्रेसिंग पेपरवर पुढच्या भागाचा पॅटर्न काढ, म्हणजे खालचं कापड दिसतं, आणि तो कापडावर सरकवत बघ. कापड दुपदरी घडी घालून कापायचं नाही. एकेरी कापायचं, पुढचा भाग अखंड, मध्ये शिवण नको. घडीवर कापलं की वरच्या थराचं फूल दिसतं, खालच्या थरात काय चाललंय ते कळत नाही.

सुई ११ नंबरची, नवी. मलमल असेल तर ९. बाटिकसाठी घेतलेलं कापड बहुतेक वेळा घट्ट विणीचं केंब्रिक किंवा पॉपलीन असतं, त्यात बोथट सुईने टीप उडते. टाचण्या शिवणीच्या मायेतच (शिवणीबाहेर सोडलेल्या जादा कापडातच) लाव, मध्यभागी नको, कारण घट्ट विणीत भोकं दिसत राहतात.

आणि माया नेहमीपेक्षा थोडी जास्त सोड. असं कापड परत तेच मिळत नाही, पुढे सैल करावं लागलं तर हातात काहीतरी असू दे.

आजीचा_बटवा

धुण्याआधी रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवा. थोडी तुरटी घाला. रंग पक्का होतो. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या असंच करतात.

रंगरेषा_इचलकरंजी

आजीचा_बटवा, आदरपूर्वक असहमत. माझं आयुष्य कापड रंगवण्यात गेलं आहे, म्हणून थोडं लांब लिहितो.

मीठ रंगाच्या हौदात उपयोगी असतं. काही रंग धाग्याकडे ओढले जावेत म्हणून ते घालतात. एकदा कापड रंगून, धुऊन, वाळून घरी आलं की मिठाने रंग पक्का होत नाही. तुरटी वनस्पतिज रंगांसाठी, तीही रंगवायच्या आधी.

बाटिकला रंग थंडच लागतो. गरम हौदात टाकलं की मेणच वितळणार. म्हणून आपल्याकडे बाटिकमध्ये नॅप्थॉल रंग फार चालतात. कापड आधी नॅप्थॉलच्या द्रावणात बुडवायचं, निथळायचं, मग डायझो क्षाराच्या द्रावणात टाकायचं, की डोळ्यांदेखत रंग उमटतो. आधी फिका रंग, त्यातलं जे राखायचं त्यावर मेण, मग त्याहून गडद. जास्वंदीताईंच्या कापडात आधी पांढऱ्या जागांवर मेण लागलं असणार, मग पिवळ्यात बुडवलं, पिवळ्या जागांवर मेण, आणि शेवटी मरून. म्हणजे मरूनच्या खाली पिवळा आहेच, आणि त्या मरूनला जी ऊब दिसते ती त्या पिवळ्याची.

नॅप्थॉलचा स्वभाव लक्षात ठेवा. पाण्यात तो चांगला टिकतो, पण नीट साबणाने उकळून धुतलेला नसेल तर घासल्याने उतरतो. पांढरा रुमाल ओला करून कापडावर जोराने घासा. रुमालावर मरून आला तर वर बसलेला सुटा रंग अजून शिल्लक आहे. उपाय एकच: कोमट पाणी, सौम्य साबण, भरपूर खंगाळणं, आणि रुमाल स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा. पांढरी सलवार त्यानंतरच घाला.

सुईदोरा_डोंबिवली

रंगरेषाकाका, हे सोन्यासारखं लिहिलंत. एक विचारते, आटण्याचं काय? मी तर सरसकट सगळंच पाण्यातून काढते.

रंगरेषा_इचलकरंजी

पाण्यातून काढाच. पण गंमत अशी की हातचं बाटिक गिरणीच्या कोऱ्या कापडापेक्षा कमी आटतं. मेण काढायला ते उकळत्या पाण्यातून गेलेलं असतं, आटायचं बरंचसं तिथेच आटून झालेलं असतं. धोका अस्तराचा. कोरं सुती अस्तर तसंच लावलं की पहिल्या धुण्यात अस्तर आखडतं, बाटिक तसंच राहतं, आणि खालचा घेर वर ओढला जातो. अस्तर आधी गरम पाण्यातून काढा.

निळा_डोह

माझं मत थोडं वेगळं आहे. हाताने केलेलं बाटिक कापूच नये. साडी, ओढणी, शाल, पडदा... अखंड कापडाचे कितीतरी उपयोग आहेत. कारागिराने कापडाचा पूर्ण विचार करून मांडणी केलेली असते आणि आपण त्यात बाह्यांसाठी मुंढे कोरतो. मला ते बघवत नाही.

टाचणी

निळा_डोह, म्हणजे जास्वंदीने चार मीटरची ओढणी घ्यायची? रिक्षात बसताना मागे कोणीतरी धरायला लागेल.

निळा_डोह

@टाचणी, हसले. पण मुद्दा तोच आहे. दोन मीटरची ओढणी, उरलेल्या दोन मीटरची आणखी एक, मैत्रिणीला द्यायला!

माळव्याचा_मराठी

मी इंदूरचा. आमच्या चार पिढ्या माळव्यातच. भैरवगढ म्हणजे उज्जैन शहराला लागूनच, क्षिप्रेच्या काठावर. कालभैरवाच्या दर्शनाला जाणारे सगळे त्याच भागातून जातात, पण छपाईची घरं बघायला फार थोडे थांबतात. तिथलं छिपा, म्हणजे कापड छापणाऱ्या लोकांचं हे परंपरेचं काम. उज्जैनच्या बाटिकला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, त्याचा आम्हाला फार आनंद झाला.

निळा_डोह, तुमची भावना समजते, पण भैरवगढला कापड दोन प्रकारे होतं. चादर, साडी, ओढणी यांची मांडणी ठरलेली असते, किनार आणि मधली जमीन वेगळी. आणि थानाचं कापड, ज्यात नक्षी पूर्ण पन्ह्यावर मोकळी पसरलेली असते, ते कपडे शिवण्यासाठीच करतात. जास्वंदीताईंनी केलेल्या वर्णनावरून त्यांचं थानाचं वाटतं. ते कापलं तर करणाऱ्याचा अवमान नाही, ते त्यासाठीच आहे.

काम बघण्यासारखं असतं. टेबलावर वाळू पसरलेली, वर कापड, शेजारी मेणाचं भांडं मंद आचेवर. मेण कमी तापलं तर कापडाच्या वरच बसतं, आरपार जात नाही, मग मागून रंग शिरतो. जास्त तापलं तर पसरून रेष फाटते. तो मधला ताव कारागीर धुरावरून आणि रेषेच्या रंगावरून ओळखतो. कापडावर आधी काही काढलेलं नसतं, हात थेट चालतो. म्हणून तुमच्या फुलांचं अंतर सारखं नाही, आणि म्हणूनच ती बघत राहावीशी वाटतात.

कोवळं_ऊन

ती जाळी मुद्दाम करतात की आपोआप होते?

रंगरेषा_इचलकरंजी

दोन्ही. पॅराफिन ठिसूळ असतं, मधमाशीचं मेण लवचीक. पॅराफिन जास्त घातलं, थंड पाण्यात बुडवून कापड चुरगळलं की मेणाला तडे जातात आणि त्यात रंग शिरतो. मधमाशीचं मेण वाढवलं की तडे कमी. किती जाळी हवी ते मिश्रणावर ठरतं.

जकार्ताकर

इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. आम्ही नोकरीनिमित्त इंडोनेशियात राहतो. तुम्ही ज्या जाळीचं कौतुक करताय ती जावातल्या उत्तम हातकामात दोष समजली जाते! तिथे चांतिंग नावाचं साधन असतं, बांबूच्या किंवा लाकडाच्या मुठीला तांब्याची इवलीशी कुपी आणि तिला बारीक तोटी. त्यातून मेणाची रेघ ओढतात, कापडाच्या दोन्ही बाजूंनी. एका कापडाला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. त्याला बाटिक तुलिस म्हणतात. तांब्याच्या पट्ट्यांचा ठसा वापरून करतात ते बाटिक चाप, ते लवकर होतं आणि बरंच स्वस्त पडतं.

युनेस्कोने २ ऑक्टोबर २००९ रोजी इंडोनेशियाच्या बाटिकचा वारशाच्या यादीत समावेश केला. तेव्हापासून तो इथे बाटिक दिवस. त्या दिवशी कार्यालयात, शाळेत, बँकेत सगळे बाटिकमध्ये. एरवीही बऱ्याच कार्यालयांत शुक्रवारी बाटिक घालतात. लग्नाला पुरुष लांब बाह्यांचा बाटिक शर्ट घालून जातात आणि तो पूर्ण औपचारिक पोशाख मानला जातो.

आता शिवण्याबद्दल. इथले शिंपी सुईदोराताईंच्या अगदी उलट करतात. शर्टाच्या बटणपट्टीवर नक्षी अशी जुळवतात की पट्टी दिसतच नाही. खिसाही नक्षीत हरवतो. पारांग म्हणून तिरक्या पट्ट्यांची नक्षी आहे, पूर्वी तिचे काही प्रकार योग्याकार्ताच्या राजघराण्यापुरते राखून ठेवलेले होते. त्या पट्ट्या दोन बाजूंना वेगवेगळ्या कोनात गेल्या की शर्ट बिघडला म्हणतात. त्यासाठी कापड जास्त लागतं, ते लागू देतात.

सुईदोरा_डोंबिवली

जकार्ताकर, उलट नाही हो. पारांगला लय आहे, ठरावीक पट्टा परत परत येतो, तिथे जुळवलंच पाहिजे. जास्वंदीच्या कापडात फुलं मोकळी आहेत, तिथे ओढूनताणून जुळवायला गेलं तर कापड वाया जाईल आणि तरी दोन फुलं एकसारखी निघणार नाहीत. कापड काय सांगतंय तसं करायचं.

जकार्ताकर

पटलं.

खोवाई

माझं शिक्षण शांतिनिकेतनात झालं, म्हणून थोडं तिथलं. रवींद्रनाथ १९२७ मध्ये जावाला गेले होते, बरोबर चित्रकार सुरेंद्रनाथ कर होते. तिथलं बाटिक बघून आल्यावर शांतिनिकेतनात आणि शेजारच्या श्रीनिकेतनात त्याला जोर आला, रवींद्रनाथांच्या सूनबाई प्रतिमादेवींनी ते पुढे नेलं. चामड्याच्या पिशव्यांवरचं बाटिक तर तिथलीच ओळख झाली. तिथल्या उत्सवांत, नृत्यनाट्यांत बाटिकची उत्तरीयं असायची. म्हणजे सुरुवातीपासून ते अंगावर घ्यायचं कापड होतं, भिंतीवर मढवायचं नाही. आपल्याकडे पुढे दिवाणखान्यात चौकटीतला बाटिकचा गणपती आला आणि लोकांना वाटायला लागलं की बाटिक म्हणजे चित्र. ते चित्रही सुंदर असतं, पण कापडाचं काम अंगावरच खुलतं. जाळीच्या रेषा आपण हललो की हलतात, सपाट भिंतीवर ते दिसत नाही.

निळा_डोह, या बाबतीत मी कापणाऱ्यांच्या बाजूने.

मुंद्रा_मेल

कच्छ राहिलं. मुंद्र्याचे खत्री कारागीर ठशाने बाटिक करतात, लाकडी ठसा मेणात बुडवून. पॅराफिन यायच्या आधी ते पिलूच्या झाडाच्या बियांचं तेल तापवून वापरत. त्यांचं थान शिवायला सोपं, ठशाची ओळ सरळ असते, नवशिक्यांनी तिथून सुरुवात करावी.

कोवळं_ऊन

दुकानात "बाटिक" म्हणून ढिगाने मिळतं ते खरं कसं ओळखायचं?

टाचणी

मागची बाजू फिकी असेल तर छापील. जाळीच्या रेषा मागेही त्याच जागी, तेवढ्याच ठळक दिसल्या तर मेणाचं.

सुईदोरा_डोंबिवली

आणि एकाच फुलावरचा एखादा तडा शोधायचा. अगदी तोच तडा पुढच्या फुलावर, त्याच्या पुढच्या फुलावरही दिसला तर ते छापील. मेण दोनदा सारखं तडकत नाही. छापील घ्यायला हरकत नाही, रोजच्या वापराला मस्त, पण हातकामाचे पैसे मोजू नका.

दादर_टीटी

माझ्या बहिणीने घेतलेल्या बाटिकला मेणाचा वास येतो आणि कापड जरा कडक लागतं. इस्त्री केली तर तेलकट डाग उठले. कापड खराब आहे का?

रंगरेषा_इचलकरंजी

खराब नाही, मेण पूर्ण निघालेलं नाही. सुती असेल तर मोठ्या पातेल्यात पाणी उकळा, थोडा साबणाचा चुरा, कापड टाकून काठीने हलवत राहा. मेण वर तरंगतं. पाणी गार झाल्यावर साईसारखा थर जमतो, तो काढून टाका आणि मग कापड बाहेर घ्या, नाहीतर तेच मेण परत कापडाला चिकटतं. कारखान्यात हे मेण गोळा करून पुन्हा वापरतात. हे पाणी मोरीत मात्र ओतू नका, मेण नळीत गोठून मोरी तुंबते. थोडंसंच मेण असेल तर खाली-वर कोरा कागद ठेवून इस्त्री फिरवा, कागद ते शोषून घेतो. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. रेशमी असेल तर यातलं काही घरी करू नका, ड्रायक्लीनला द्या.

दादर_टीटी

धन्यवाद काका. बहिणीला धागा पाठवला. ती म्हणते, तुमच्यामुळे आज घरात चहाचं पातेलं सोडून सगळी पातेली गॅसवर आहेत.

जास्वंदी

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! रुमाल घासून बघितला, मरून आला. दोनदा धुतल्यावर आता अगदी किंचित गुलाबी येतो, अजून एकदा धुणार. कापड जमिनीवर पसरून ट्रेसिंग पेपर सरकवला. बेत असा: पुढच्या भागात एक मोठं फूल छातीवर मधोमध, गुडघ्यापर्यंत लांबी, बाह्या कोपराच्या खाली, अस्तर नाही. शिंपीदादा इथे बसून एकेरी कापायला तयार झाले आहेत. त्यांनी स्वतःच सुचवलं की काखेत चौकोनी कळी (कापडाचा जोडतुकडा) घालू, म्हणजे मुंढ्याचा गोल फार खोल कोरावा लागणार नाही आणि बाहीवरचं फूल वाचेल.

सुईदोरा_डोंबिवली

दादांना माझा नमस्कार सांग, कळीची कल्पना उत्तम! चौकोनी कळीच्या जुन्या पद्धतीच्या कुर्त्यात कापड जवळजवळ वायाच जात नाही, सगळे तुकडे सरळ रेषेत निघतात. हातच्या कापडाला तीच बेतणी शोभते.

फक्त ते फूल छातीवर मधोमध नको. गळ्याची चीर आली की फूल उभं दुभंगेल, आणि टक्स घातले तर पाकळ्या आत ओढल्या जातील. फूल एका बाजूला घे, डाव्या खांद्याच्या खाली, आणि दुसरं एखादं खाली उजव्या घेराजवळ येतंय का बघ. गळा साधा गोल, कडेला त्याच कापडाची उरेप (तिरकी कापलेली) पायपिंग. जाळीच्या रेषा उरेपात फार सुरेख दिसतात. बाजूच्या शिवणी फ्रेंच घाल, म्हणजे कच्ची कड शिवणीच्या आत बंद होईल, ओव्हरलॉकचा दोरा या कापडाच्या आतल्या बाजूला बरा दिसत नाही, आतली बाजूही बाहेरच्याइतकीच देखणी आहे ना.

जास्वंदी

डाव्या खांद्याखाली! आत्ता कागद सरकवून बघितला, खालचं फूल बरोबर उजवीकडे येतंय. ठरलं. अजून दीड मीटरच्या आसपास उरेल असं दिसतंय.

निळा_डोह

त्याचं उपरणं कर. कापू नकोस, कडा हाताने दुमडून घाल. माझा हट्ट पुरवल्यासारखं होईल. :)

जास्वंदी

@निळा_डोह, नक्की. हातानेच दुमडते.

मुंद्रा_मेल

माळव्याचा_मराठी, भैरवगढला काम बघायला कधी यावं? आम्ही जुलैत उज्जैनला येतोय.

माळव्याचा_मराठी

जुलै टाळता आला तर टाळा. पावसात कापड वाळत नाही, हवेत ओल असते, काम मंदावतं. दिवाळीनंतर या. ऊन चांगलं असतं, नदीकाठी धुतलेली थानं पसरलेली दिसतील. सकाळी लवकर गेलात तर मेण लावताना बघायला मिळेल. लहान मुलं बरोबर असतील तर चुलीपासून लांब ठेवा. आणि विकत घ्यायचं असेल तर आधीच ठरवून या की कुर्त्याला हवंय की साडी हवीय, कारण एकदा आत शिरलात की सगळंच हवंसं वाटतं.